गाडीच्या आतला आवाज कमी करायचाय : डॅम्पिंग शीट घरी लावलीय का कुणी? (सांगली)

सायलेंट_मोड, सांगली, १२ एप्रिल

नमस्कार मंडळी. तीन वर्षं नुसतं वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, काय चुकलं तर सांभाळून घ्या.

गाडी २०१७ ची पेट्रोल हॅचबॅक. मॉडेल मुद्दाम लिहीत नाही, लिहिलं की निम्मे प्रतिसाद "ती घेतलीसच कशाला" असेच येणार. इंजिन ठणठणीत, अ‍ॅव्हरेज चांगलं, गावात फिरवताना कसली तक्रार नाही. पण पेठ नाक्याला हायवेला लागलो आणि काटा ऐंशीच्या वर गेला की आत असा घुमारा भरतो की शेजारच्याशी बोलायला ओरडावं लागतं. आणि दार लावलं की तेलाचा रिकामा डबा आपटल्यासारखा आवाज, पाव्हणे हसतात.

खरं कारण आबा. वडील ७४ चे आहेत, दोन्ही कानांना मशीन. दर दीड महिन्याला पुण्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडं न्यायला लागतं. त्या मशीनला बोलणं कुठलं आणि टायर कुठला हे फारसं कळत नाही, ते दोन्ही वाढवून कानात ओततं, म्हणून गाडीत बसले की आबा पहिलं मशीन काढून सदऱ्याच्या खिशात टाकतात आणि मग सव्वादोनशे किलोमीटर खिडकीबाहेर बघत गप्प. चहाला थांबलो की मशीन कानात, दहा मिनिटं गप्पा, परत गाडी सुरू झाली की परत खिशात.

विश्रामबागेत एका दुकानात डॅम्पिंग शीटचं (पत्र्याची थरथर मारायला आतनं चिकटवतात ती) विचारलं तर चार दारांचे ९ हजार आणि पूर्ण गाडीचे २८ हजार सांगितले. नक्की काय लावणार म्हणलं तर "इम्पोर्टेड शीट साहेब" एवढंच, पुढं काय बोलेना. कुणी स्वतः लावलंय का, खरंच फरक पडतो का नुसतं दार जड झाल्याचं समाधान, आणि सुरुवात कुठनं करायची?

उसाची_ट्रॉली, कराड, १२ एप्रिल

भावा आवाज नको असेल तर गणपतीत गाव सोड, आमच्या गल्लीत डॉल्बी लागली की कपाटातली भांडी नाचत्यात, तू गाडीचं काय घेऊन बसलास हाहा.

मस्करी जाऊ दे. मी केलाय हा उद्योग आणि बेक्कार फसलोय, ऐक. हार्डवेअरच्या दुकानात गळक्या पत्र्याला लावायची टेप असती बघ, वरनं चंदेरी खालनं काळी चिकट, दिसायला डिट्टो तीच. दुकानदार म्हणला माल एकच आहे, गाडीचं नाव लावलं की भाव तिप्पट होतो. मला पटलं. दोन दारांना आतनं फुल्ल लावली, दार लावलं की असा भारी ठप्प आवाज की मी शेजाऱ्याला बोलवून चारदा लावून दाखवलं.

एप्रिलात गाडी दिवसभर कारखान्याच्या यार्डात उन्हात. संध्याकाळी दार उघडलं तर आत रस्त्याचं डांबरीकरण चालू असल्यासारखा वास. वरची टेप सुटून काचेच्या पट्टीवर पडलेली, काच निम्म्यात अडकली, आणि दाराखालच्या भोकातनं काळे ओघळ पायरीवर. सगळं खरवडायला दोन रविवार, रॉकेल आणि घरातनं मिळालेल्या शिव्या. वर काचेच्या मशीनचा खर्च वेगळा. त्यामुळं डांबरवालं काय पण घेऊ नको, एवढंच.

वाडीचा_फिटर, किर्लोस्करवाडी, १३ एप्रिल

सायलेंट मोड, बाळ, माझं वय तुझ्या आबांच्या जवळपास आहे म्हणून दोन शब्द जास्त लिहितो.

३१ वर्षं पंपांच्या टेस्टिंगला काढली. पंप आवाज करायला लागला म्हणून आम्ही कधी त्याच्यावर गोधडी टाकली नाही, आधी बेअरिंग बघितलं. तू आधी गोधडीचे भाव विचारत सुटलायस.

सकाळी लवकर रिकाम्या सरळ रस्त्याला जा. ऐंशीला गेलास की न्यूट्रल कर, गाडी बंद करायची नाही हां, ब्रेक आणि स्टेअरिंग जड होतं, नुसतं न्यूट्रल. इंजिनाचा आवाज उतरला आणि घुमारा तसाच राहिला तर इंजिन सुटलं. मग आरामात डावीकडं उजवीकडं गाडी झुलव. डावीकडं वळवताना घूं वाढलं तर उजव्या चाकाचं बेअरिंग बघायचं, कारण वजन उजवीकडं जातं. झुलवून काहीच फरक नाही पण खडबडीत रस्त्यावरनं नव्या गुळगुळीत डांबरावर आलास की एकदम शांत वाटतं, तर टायर. टायरवर तळहात एकदा पुढनं मागं फिरव आणि एकदा मागनं पुढं. एकीकडनं गुळगुळीत आणि दुसरीकडनं करवतीसारखं लागलं तर त्या टायरचा आवाज तू कुठल्या पण शीटनं मारू शकणार नाहीस.

राहिला वारा. दाराच्या रबरात दहाची नोट धरून दार लाव आणि ओढ. चौफेर बघ. कुठं सुळकन निघाली तर तिथलं बीडिंग मेलंय. नाहीतर रंगकामाची कागदी चिकटपट्टी घेऊन दाराच्या फटी बाहेरनं बुजव आणि तसाच हायवेला चक्कर मारून ये, लोक बघतील, बघू देत.

हे सगळं फुकट आहे. २८ हजार नंतर.

जवारी, मिरज, १३ एप्रिल

फिटरकाकांना दंडवत. मी सतारमेकर गल्लीतला, घरात चार पिढ्या तंबोरे. आम्ही आयुष्यभर आवाज वाढवायच्या मागं आणि तुम्ही मारायला निघालाय, तरी सांगतो कारण इद्या एकच आहे, फक्त उलटी चालवायची.

तंबोऱ्याची तार काढून नुसती दोन खिळ्यांना बांधून छेडा, चिमणीएवढा आवाज येतो. तो भरतो कशानं, तर घोडीवरनं ती थरथर तबलीत, म्हणजे भोपळ्यावरच्या पातळ लाकडी फळीत, उतरते आणि तबली-भोपळा मिळून हवा हलवतात. म्हणून पंढरपूर-मंगळवेढ्याकडनं भोपळा आणायचा, वाळवायचा, तबली तासून तासून पातळ करायची. पातळ, ताणलेलं आणि मोकळं म्हणजे वाजणार. आता तुमच्या गाडीचं दार बघा. पातळ पत्रा, चारी कडा धरलेल्या, मधे मोकळा. बनवणाऱ्यानं नकळत तबलीच केलीय की ती. टायर म्हणजे तार झाली, पत्रा म्हणजे तबली आणि तुम्ही भोपळ्याच्या आत बसलाय.

तार वाजत असताना तबलीवर नुसता तळवा ठेवला की नाद बसतो. तार अजून हलतेय पण भरणा गेला. ती डॅम्पिंग शीट म्हणजे हा तळवा, दुसरं काय नाही. आणि तळवा ठेवायला सगळी तबली झाकावी लागत नाही, मधोमध जिथं जास्त हलते तिथं ठेवला की झालं. दाराचा पत्रा बोटाच्या पेरानं वाजवत जा, कडेला टक्क येईल, मधे टणणण. जिथं टणणण तिथं शीट.

पण शेजारी डॉल्बी लागली आणि खिडकी उघडी असली तर तबलीवर दोन्ही हात ठेवून बसलात तरी डॉल्बी ऐकू येणारच. पत्रा गप्प करणं वेगळं, बाहेरनं येणारा आवाज अडवणं वेगळं. दुकानात हे दोन्ही एका पाकिटात विकतात तिथं घोळ होतो.

(२०२४ ला आमच्या सतार-तंबोऱ्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, तुमच्या दाराला पण मिळवून देतो, आणा मिरजेला.)

उसाची_ट्रॉली, कराड, १३ एप्रिल

आयला जवारी, पैली ते धाव्वी शाळेत ध्वनी कुणी असा शिकवला असता तर मी ट्रॉलीवर नसतो.

सायलेंट_मोड, सांगली, १४ एप्रिल

काका आणि जवारीदादा, खूप आभार. रविवारी नोट घेऊन बसतो. ट्रॉली, तुझी ओघळाची गोष्ट बायकोला वाचून दाखवली, तिनं परवानगी जवळजवळ रद्द केलीय.

पुरात_भिजलेला, सांगली, १५ एप्रिल

फ्लोअरला काय घालणार असाल तर त्याआधी माझं ऐका.

२०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा गाडी पार्किंगमध्येच राहिली, आम्ही दुसऱ्या मजल्यावरनं तिचं टप दिसतंय का बघत होतो. विम्यात काय ते झालं, गाडी दुरुस्त होऊन आली, चालू पण झाली. पण त्याच्या आधीच्या वर्षी मी हौसेनं कार्पेटखाली कापसाचा नमदा घातलेला, रस्त्याचा आवाज कमी येतो म्हणून. वर्कशॉपवाल्यांनी कार्पेट वरवर वाळवलं आणि टाकलं. चार महिन्यांनी ड्रायव्हरच्या पायाशी ओलसर वास यायला लागला, कार्पेट उचललं तर नमदा दाबला की पाणी सुटतंय आणि खालच्या पत्र्याला नाण्याएवढी भोकं.

पूर यायलाच पाहिजे असं पण नाही. एसीच्या पाण्याची नळी तुंबली की ते पाणी आत पायाशीच येतं. सनरूफवाल्यांचं आणि एक वेगळंच. त्यामुळं खाली कापूस, ताग, स्पंज, पाणी पिणारं काही नको. बंद पेशींचा फोम मिळतो, दाबला तरी पाणी धरत नाही, तो चालेल. कृष्णाकाठच्या माणसानं तर हे पाठच करून ठेवायचं.

चिमटा_पक्कड, सातारा, १५ एप्रिल

आधीच सांगतो, माझं अ‍ॅक्सेसरीचं दुकान आहे, नाव टाकत नाही, जाहिरात म्हणायला नको.

भावाबद्दल. ९ हजारात निम्मी मजुरी असते साहेब. चार दारं म्हणजे दोन पोरं आणि एक पूर्ण दिवस, नीट केलं तर. अर्ध्या दिवसात करून देतो म्हणणाऱ्याकडं जाऊ नका, तो वरच्या पॅनलवर चार तुकडे मारून दाराचं आतलं पॅड बसवणार, तुम्ही उघडून थोडंच बघताय.

मालाबद्दल. शीट ब्युटाइल रबराची घ्या, साधारण २ मिलिमीटर, वर जाड अ‍ॅल्युमिनियमची फॉइल. ओळखायची कशी तर कोपऱ्याचा तुकडा ओढून बघा, ब्युटाइल च्युइंगगमसारखं तार धरून ताणतं, डांबर मिसळलेलं असेल तर ताणायच्या आधी तुटतं आणि नाकाशी धरलं की कळतंच. ती फॉइल शोभेला नसते. पत्रा वाकतो, फॉइल वाकायला तयार नसते, मधलं ब्युटाइल दोघांच्या मधे ओढलं जातं आणि त्या ओढाताणीत थरथरीची ताकद गरम होऊन संपते. म्हणून फॉइल कागदासारखी पातळ असली तर अर्धं काम गेलं. कंपनी फ्लोअरला डांबराचे तुकडे लावते तेव्हा ते रंगाच्या भट्टीत भाजून पत्र्याला बसवलेले असतात, ते ओघळत नाहीत, ट्रॉलीभाऊंची टेप ओघळणारच.

जवारीसाहेब बोलले ते बरोबर, सगळं झाकायची गरज नाही, पत्र्याच्या पाव ते निम्म्या भागाला लावलं की खणखण जाते. शंभर टक्के लावा म्हणणारे शीट विकतात. मी पण विकतो म्हणून सांगतोय. स्क्वेअर मीटरला तीन-साडेतीन किलो वजन येतं, ते पण धरा.

अडवायचाच असेल आवाज तर जड व्हिनाइलची चादर येते, स्क्वेअर मीटरला पाच किलोच्या आसपास, ती फोमवर टाकायची. पण ती कामाला यायला कुठं फट राहता कामा नये, आणि हॅचबॅकमध्ये फटीच फटी. तुमच्या गाडीला मी नको म्हणीन.

आता महत्त्वाचं. सीटखाली, स्टेअरिंगला, खांबाला जिथं पिवळा कनेक्टर दिसेल तो एअरबॅगचा. तो निघणार असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि गाडीच्या पुस्तकात लिहिलेत तेवढी मिनिटं थांबा, सुटलेल्या कनेक्टरवर चावी फिरवायची नाही, नाहीतर लाल दिवा लागतो तो स्कॅनर लावल्याशिवाय जात नाही. काही गाड्यांच्या दारात दाबाचा सेन्सर असतो, बाजूनं धडक बसली की दारातली हवा दबते ते त्याला कळतं. त्याच्यावर काही चिकटवू नका आणि दाराचं प्लॅस्टिक परत नीट लावा. आणि दाराच्या खालच्या कडेला पाणी जायच्या चिरा असतात, त्या बुजवल्या की दार म्हणजे हौद.

उसाची_ट्रॉली, कराड, १५ एप्रिल

दुकानदार असून निम्मंच लावा म्हणतोय म्हणजे दुसरी काय तरी गोळी देणार हा माणूस.

चिमटा_पक्कड, सातारा, १५ एप्रिल

निम्म्यात खूश झालेला माणूस पुढच्या वर्षी टप करायला येतो भाऊ, आमचं पण पोट आहे.

कास_पावसाळी, सातारा, १६ एप्रिल

टपाचा विषय निघालाच आहे तर लिहिते. माझी शाळा कासच्या पलीकडं, बामणोलीच्या अंगाला. यवतेश्वर घाट चढला की जून ते सप्टेंबर पाऊस म्हणजे पाऊसच, वायपर तिसऱ्यावर. टपावर कुणी वरनं पोतंभर ज्वारी ओततंय असा आवाज, तासभर. शाळेत पोचेपर्यंत डोकं उठलेलं, मग दिवसभर पोरांचा आवाज पण नकोसा.

दोन वर्षांपूर्वी फक्त टप करून घेतलं, दारं नाही. माझ्या समोर केलं, मी स्टूल टाकून बसले होते. दिवे, हँडल, सूर्याच्या झडपा काढून आतलं लायनिंग डिकीतनं बाहेर काढलं, ते दुमडायचं नसतं, एकदा घडी पडली की कायमची. टपाच्या पत्र्याला मधे मधे शीट, वर फोम, परत लायनिंग. माझ्या गाडीला पडद्याच्या (टपाच्या कडेत बसवलेल्या) एअरबॅग नाहीत, ज्यांच्या आहेत त्यांनी टप घरी उघडू नये असं त्या मुलानंच सांगितलं.

फरक सांगायचा तर पाऊस ऐकू येतोच, पण टणटणची थपथप झाली. मंगलोरी कौलावर पडतो तसा. तेवढ्यानं डोकं शांत राहतं. हायवेवरच्या टायरच्या आवाजाला मात्र काडीचा फरक नाही, त्यामुळं सायलेंट मोड दादांनी टपापासून सुरुवात करू नये.

ते दुकानदार "एसी पण गारठतो" म्हणाले होते. फॉइल चमकते म्हणून ऊन परतवते म्हणे. लायनिंगच्या आड अंधारात बसलेली फॉइल कुठलं ऊन परतवणार? फोममुळं थोडं तापणं कमी झालं असेल तर असेल.

चिमटा_पक्कड, सातारा, १६ एप्रिल

ताई बरोबर. फॉइलचं ते खोटं आहे, मी पण नवीन असताना सांगायचो.

सायलेंट_मोड, सांगली, २८ एप्रिल

निकाल घेऊन आलोय.

नोट चारी दारांना घट्ट. चिकटपट्टी लावून आष्ट्यापर्यंत जाऊन आलो, पेट्रोल पंपावरच्या पोरानं विचारलं गाडी रंगवायला नेताय का. फरक शून्य. झुलवून पण शून्य. मग तळहात. पुढची दोन ठीक आणि मागची दोन्ही अशी करवत की बायकोला दाखवलं तर ती म्हणाली यावर कोथिंबीर चिरता येईल. टायरवरचे शेवटचे चार आकडे १९१८, म्हणजे २०१८ चा एकोणिसावा आठवडा. सात-आठ वर्षांचं रबर, वर दोन वर्षं पुढची मागं केलेली नाहीत. माझीच चूक, कुणावर ढकलत नाही.

चारी बदलली. शीटसाठी साठवलेले पैसे तिथंच गेले. अलाइनमेंट करून पेठ नाक्यावरनं कराडला गेलो आणि खरं सांगतो, निम्मा घुमारा गेला. काकांनी आधी थांबवलं नसतं तर तीच टायर ठेवून २८ हजाराचं अस्तर लावून बसलो असतो.

आता घरचे म्हणतायत झालं की, शीट कशाला. पण दाराचा डबा तसाच वाजतोय. आणि आबा मशीन काढतातच.

वाडीचा_फिटर, किर्लोस्करवाडी, २८ एप्रिल

शाबास. आता गोधडी घे.

सायलेंट_मोड, सांगली, ११ मे

चार दारं झाली. दोन शनिवार आणि एक रविवार. ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी जरा इस्कटून लिहितो.

हँडलच्या खोबणीत एक छोटं झाकण असतं, त्याच्याखाली स्क्रू, ते मला अर्धा तास सापडलं नाही आणि मी पॅड ओढत बसलो होतो. प्लॅस्टिकचं उलथणं असतं ते खालच्या कडेत घालून एक एक क्लिप टक टक करत सोडवायची, मग पॅड वर उचलून काचेच्या कडेवरनं काढायचं, एकदम ओढलं तर मागं काचेच्या बटणांची वायर आणि हँडलची केबल तुटती. सात क्लिपा मोडल्या. आधीच डझनभर आणून ठेवा, ज्या दिवशी मोडतात त्या दिवशी दुकान बंद असतं.

पॅडमागं पारदर्शक प्लॅस्टिक, काळ्या चिकट दोरीनं लावलेलं. ते फाडू नका, काचेवरनं उतरलेलं पाणी त्याच्यामुळंच पॅडला लागत नाही. मी पहिल्या दारात फाडलं, मग जाड प्लॅस्टिक कापून नवीन बसवलं.

काच पूर्ण वर घेऊन भोकातनं हात आत. बाहेरच्या पत्र्याच्या आतल्या अंगाला नऊ वर्षांची धूळ, लाल मातीचा थर. आधी ओलं फडकं, मग कोरडं, मग स्पिरिट. रॉकेल नको, तेलकट राहतं आणि काही चिकटत नाही. भोकाच्या कडा ब्लेडसारख्या असतात, मला मनगटाला तीन ओरखडे, हातमोजे घाला म्हणून इथं कुणीच कसं सांगितलं नाही? दाराच्या मधनं आडवा दांडा जातो धडकेसाठीचा, त्याच्या वर आणि खाली तळहाताएवढे तुकडे करून लावले, मोठी शीट आत जातच नाही, जाते ती स्वतःलाच चिकटून बसते.

शीट मऊ करायला हीट गन लागलीच नाही. सांगलीचा मे महिना आहे. शीटा वीस मिनिटं गच्चीवर ठेवल्या, मऊ पडल्या. रोलरनं दाबत राहायचं, फॉइलवरची नक्षी सपाट होईपर्यंत. तिथं आळस केला तर हवेचे फुगे राहतात आणि फुग्याखालचा पत्रा पहिल्यासारखा वाजतो, मी पेरानं वाजवून बघत होतो, जवारीदादा, टणणण आणि टक्क मधला फरक आता झोपेत पण सांगीन. पॅड बसवायच्या आधी काच दोनदा वर खाली करून बघितली, कुठं घासत नाही.

दार लावल्यावरचा आवाज आता पुस्तक मिटल्यासारखा. हायवेवर मात्र थोडाच फरक.

एकच नुकसान, १० नंबरची गोटी (पान्याचं सॉकेट) हरवली. सगळं अंगण झाडलं. शेजारच्या पोरावर संशय आहे.

जवारी, मिरज, ११ मे

थोडाच पडणार, चारही दारं तबली असली तरी तार मागच्या चाकात बसलीय. मागच्या चाकांच्या कमानी आणि डिकी करा.

सायलेंट_मोड, सांगली, २ जून

डिकी आणि मागच्या कमानी झाल्या. मागची सीट काढली, कमानीवर ब्युटाइल, त्याच्यावर बंद पेशींचा फोम, स्टेपनीच्या खड्ड्यात फक्त ब्युटाइल. फ्लोअर उघडलं नाही, पुढच्या सीटखालचे पिवळे कनेक्टर बघून हात आखडता घेतला. एकूण शीट-फोम मिळून साडेपाच हजार गेले, आणि वजन आठ-नऊ किलो वाढलं असेल.

मोबाइलमधल्या आवाज मोजायच्या अ‍ॅपवर, पेठ नाका ते कराड तोच पट्टा, काचा बंद, एसी बंद, ऐंशीला. जुनी टायर ७२ डेसिबल, नवी टायर ७०, आणि आता ६८.

उसाची_ट्रॉली, कराड, २ जून

चार डेसिबलसाठी टायर धरून वीसेक हजार. एका डेसिबलला पाच हजार, द्राक्षापेक्षा महाग झालं की.

चिमटा_पक्कड, सातारा, २ जून

मोबाइलच्या आकड्यावर जाऊ नका, पण एकाच मोबाइलमधला फरक धरायला हरकत नाही. आणि तीन डेसिबल उतरले म्हणजे आवाजाची ताकद निम्मी झाली, कानाला मात्र निम्मं वाटायला दहा उतरावे लागतात. चार म्हणजे चांगलं काम आहे, दुकानात पण ह्याच्या पुढं फार जात नाही.

वाडीचा_फिटर, किर्लोस्करवाडी, ३ जून

आकडे राहू दे. आबा काय म्हणाले?

सायलेंट_मोड, सांगली, ९ जून

काका, काल पुणे करून आलो म्हणून उशीर.

बसताना मशीन काढलं, खिशात. मी काही बोललो नाही. तासवडे टोलला काच खाली केली तेव्हा त्यांनी कानात घातलं, टोलवाला काय म्हणतोय ते ऐकायला, आणि काच वर गेल्यावर काढायचं विसरले. उंब्रजपर्यंत गप्पच. मग म्हणाले, "कसली रे टिकटिक येतीय?"

मला काहीच येत नव्हती. बायकोला पण नाही. म्हणलं आबा मशीनची बॅटरी असेल. तर म्हणाले, "बॅटरी पीक पीक करती, ही टिकटिक आहे, माझ्या मागच्या दारात, खड्डा आला की येती." सातारा येईपर्यंत प्रत्येक खड्ड्याला बोट वर करून दाखवत होते, आता, आता, ही बघ. खंबाटकीच्या बोगद्यात आवाज वाढला म्हणून मशीन काढलं, बाहेर पडल्यावर परत घातलं, आणि मग मला पुण्यापर्यंत भावकीतल्या एका बांधाचं १९८२ सालचं प्रकरण ऐकावं लागलं, सगळं, तारखांसकट.

आज सकाळी डावं मागचं दार उघडलं. आत तळाला, पाणी जायच्या चिरेजवळ, १० ची गोटी.

शेजारच्या पोराला पेढे द्यावे लागणार.

उसाची_ट्रॉली, कराड, ९ जून

शीट किती उरलीय? दोन दारांपुरती असली तर ठेव, रविवारी सांगलीला येतोय. आणि आबांना म्हणावं माझ्या गाडीत पण एकदा बसून जावा, डॅशबोर्डात काय तरी दोन वर्षं वाजतंय, कुणाला सापडंना.